आईच्या आईची आई : इस्रायलमधल्या मराठी आजीची पार्श्वभूमी

इस्रायलमधील दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या शहरांत गेल्या काही वर्षांत ज्या वृद्ध स्त्रिया निवर्तल्या, त्यांच्यापैकी अनेकींचा जन्म अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या परिसरात किंवा मुंबईच्या मांडवी, माझगाव, भायखळा या वस्त्यांत झाला होता. नातवंडे त्यांना हिब्रूतून ‘सावता’ अशी हाक मारत आणि त्या मराठीतून ओ देत. अशा आजीची आठवण निघाली की घरची मंडळी तिच्या हातची चव, तिने उपसलेले कष्ट आणि तिची माया यांविषयी भरभरून बोलतात. मात्र आपली मुले आणि नातवंडे यांच्यासाठी तिने जे केले, त्याचा पूर्ण अर्थ कळायचा असेल तर बेने इस्रायल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो, कारण या स्त्रियांच्या आयुष्यात एक प्रश्न राजरोस, सरकारी कागदावरून विचारला गेला होता. तो प्रश्न असा, की तुझी आई, तिची आई आणि तिच्याही आईची आई नेमकी कोण होती.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बाकीच्यांना तिथेच मूठमाती देण्यात आली. नवगावला आज त्यांचे स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज कोकणातल्या गावागावांत पसरले, घाण्यावर तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली : रोहेकर, पेणकर, किहीमकर, आष्टमकर, झिराडकर, चेऊलकर. हिब्रू भाषा त्यांच्यापाशी उरली नव्हती आणि धर्मग्रंथही उरले नव्हते. उरले होते ते शनिवारचे पाळणे, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शमा इस्रायल’ ही एक प्रार्थना.

याच समाजात डेव्हिड रहाबी यांची कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कोकणात आलेल्या या परक्या यहुदी गृहस्थांना ही माणसे खरोखरच आपल्या धर्माची आहेत का, असा संशय होता. त्यांनी घरातल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी ज्यांना खवले आणि पर आहेत तेवढे मासे वेचून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, कारण ते आमच्यात खात नाहीत, असे त्या म्हणाल्या. रहाबींची खात्री पटली. ही घटना नेमकी कधी घडली आणि रहाबी कोण होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला मात्र या कथेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. समाजाची ओळख पटवायची वेळ आली तेव्हा ती कुठल्या पोथीने पटवली नाही. कोळंबी, खेकडे आणि कालवे यांनी भरलेल्या किनाऱ्यावर राहूनही जे पाळायचे ते पाळणाऱ्या बायकांच्या हातांनी ती पटवली.

अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईकडे सरकू लागली आणि कंपनी सरकारच्या पलटणींत, पुढे रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांत स्थिरावली. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा निघाली, आणि पुढे तीच सर एली कदूरी शाळा म्हणून माझगावात नावारूपाला आली. वाडवडिलांनी गमावलेले धर्मज्ञान या काळात मराठीतून परत आले. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या वल्हांडण या यहुदी सणाच्या मराठी-हिब्रू पोथीतल्या चित्रांत मराठी पद्धतीने साडी नेसलेल्या स्त्रिया खाली बसून बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. कोकणच्या घरातली आई पवित्र पोथीच्या पानावर आली, ती अशी. मुंबईत १९१३ मध्ये बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले. याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी विलायतेत शिकून येऊन मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सर्वच मुली डॉक्टर झाल्या नाहीत, परंतु शिक्षिका आणि परिचारिका झालेल्या अनेक होत्या. ज्या आजीला पुढे इस्रायलमध्ये ‘काही न शिकलेली बाई’ समजले गेले, ती कित्येकदा मराठी शाळेत मुलांना शिकवून आलेली असे.

घरातले धर्मपालन मात्र सणांच्या मराठी नावांनीच चालत असे, आणि ते सर्वस्वी बायकांच्या हातात होते. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारे लावून घेत. दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो उपास वालाच्या बिरड्याने सुटत असे. बिरडे करणे म्हणजे काय, हे रायगडच्या माणसाला सांगायला नको. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत एकेक दाणा धरून अलगद दाबायचा, म्हणजे साल हातात राहते आणि डाळिंबी भांड्यात पडते. हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिराचे दुःख कोकणातल्या आईने या कामाशी जोडून ठेवले होते. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, म्हणून तिने गोडात नारळाचे दूध वापरले. नव्या वर्षासाठी गव्हाच्या चिकाचा हलवा ती नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटत असे. नवस फेडताना किंवा लग्नकार्यात एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होई, आणि त्यासाठी भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे व सुका मेवा घालून त्याभोवती फळे मांडत. धर्माला मान्य असलेली द्राक्षाची दारू मिळत नसे, तेव्हा मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जाई.

इस्रायल राष्ट्राची घोषणा १४ मे १९४८ रोजी झाली आणि १९५० च्या कायद्याने प्रत्येक यहुदी व्यक्तीला तिथे जाऊन स्थायिक होण्याचा अधिकार मिळाला. त्या वेळी भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते, आणि हे ते स्वतः आजही आवर्जून सांगतात. प्रार्थनेत रोज ज्या जेरुसलेमचे नाव घेतले तिथे जाण्याची ओढ, इंग्रजांच्या जाण्याने रेल्वे-टपालातल्या नोकऱ्यांविषयी वाटू लागलेली धास्ती, आणि एक भाऊ गेला म्हणून मागोमाग जाणारी बाकीची भावंडे, अशी ही कारणे होती. पन्नास आणि साठच्या दशकांत घरेच्या घरे रिकामी झाली.

तिथे पोहोचल्यावर या कुटुंबांना बहुतेक वेळा दक्षिणेच्या वाळवंटात नव्याने वसवलेल्या गावांत पाठवण्यात आले. सुरुवातीला निर्वासितांच्या छावण्या, मोजून मिळणारे अन्नधान्य, उजवीकडून डावीकडे जाणारी अनोळखी लिपी, आणि पुरुषांना मिळेल ते अंगमेहनतीचे काम. मुंबईत कचेरीत बसणारा कारकून रस्त्याच्या कामावर गेला आणि मराठी शाळेतली बाई कापडाच्या कारखान्यात यंत्रापुढे उभी राहिली. गोऱ्या कातडीच्या युरोपीय यहुद्यांपेक्षा आपल्याला हलके वागवले जाते, ही तक्रार लवकरच उघडपणे बोलली जाऊ लागली. १९५१-५२ मध्ये बीरशेबातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. त्यांच्यातले दीडशेच्या आसपास लोक १९५२ मध्ये खरोखरच मुंबईला परतले, आणि तिथे पुन्हा बस्तान बसेना म्हणून त्यांतले बरेचसे काही काळाने पुन्हा इस्रायलला गेले. लहान मुलांना घेऊन हा जाण्यायेण्याचा फेरा ज्या आयांनी सोसला, त्यांची गणना कुठेच झालेली नाही.

परंतु खरा घाव त्यानंतर बसला. यहुदी धर्मशास्त्रानुसार वंश आईकडून येतो. कोकणात शतकानुशतके एकटा राहिलेला हा समाज घटस्फोटाचे आणि विधवांच्या पुनर्विवाहाचे शास्त्रोक्त नियम पाळत होता का, अशी शंका तिथल्या काही धर्माधिकाऱ्यांनी काढली आणि बेने इस्रायलांची लग्ने इतरांशी लावायला ते तयार होईनात. फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने लेखी सूचना दिल्या, की बेने इस्रायल वधू किंवा वराची नोंदणी करताना त्याची आई, आईची आई, आणि जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन पाहावे, की त्या यहुदी होत्या का. दुसऱ्या कोणत्याही समाजाचे नाव त्या सूचनेत नव्हते.

आता या प्रश्नाची अडचण पाहा. बेने इस्रायल माणसाचे आडनाव त्याचे गाव सांगते, पण ते गाव बापाचे, बापाच्या बापाचे असते. रोहेकर किंवा पेणकर म्हटले की पुरुषांची ओळ शंभर-दोनशे वर्षे मागे नेता येते. आईच्या आईचे माहेर त्या आडनावात कुठेच राहत नाही. ते फक्त बायकांच्या तोंडी राहते, बाळंतपणात, बिरडे सोलताना, मेंदीच्या रात्री सांगितलेल्या गोष्टींत राहते. म्हणजे ज्या साक्षीची मागणी झाली ती देऊ शकणारी एकच व्यक्ती घरात होती, आणि ती म्हणजे आजी. तीच हिब्रू बोलू शकत नव्हती.

समाज मुकाट बसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणचे बेने इस्रायल जेरुसलेमला गोळा झाले आणि धरणे धरून बसले. साडी नेसलेल्या स्त्रियाही त्यांत होत्या. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असे ठामपणे सांगितले आणि धर्मपीठाला सूचनेतून या समाजाचे नाव काढावे लागले. त्या दिवसापर्यंत कित्येक मुलींची ठरलेली लग्ने अडून राहिली होती. त्यांच्या आयांना काय वाटले असेल, याची कल्पना करताना माझे मन आजही जड होते, कारण संशय मुलीवर असला तरी तो मुळात आईच्या आणि आजीच्या शीलावर घेतला गेला होता.

त्यानंतरच्या वर्षांत या आज्यांनी जे केले ते मोठ्या आवाजात केले नाही. कारखान्यातली पाळी संपवून त्या मलिद्याचे पोहे भिजवत राहिल्या. मुंबईहून येणाऱ्याच्या पिशवीतून वाल, कोकम आणि हिरव्या बांगड्या मागवत राहिल्या. नात हिब्रूत बोलत असली तरी तिच्या लग्नाआधी मेंदी झालीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे, आणि आज ती मेंदी इस्रायलमधल्या भारतीय यहुद्यांची खूण मानली जाते. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधूनच निघू लागले, आणि ते नेमाने वाचणाऱ्यांत या पिढीतल्या स्त्रिया होत्या.

भारत आणि इस्रायल यांच्यात १९९२ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यावर येणेजाणे वाढले. अलिबागच्या इस्रायल आळीत आता तिथून आलेली कुटुंबे वरचेवर दिसतात. मागे एक तरुण मुलगी आजी गेल्यानंतर वर्षभराने आली होती. आडनावाचे गाव तिला ठाऊक होते आणि तिथे ती जाऊनही आली होती. तिला हवे होते ते आजीच्या आईचे माहेर. आजीने ते नाव सांगितले होते, पण तिच्या हिब्रू जिभेवर ते मोडून गेले होते. प्रार्थनास्थळाजवळच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला पुनःपुन्हा उच्चारायला लावले, डोळे मिटून ऐकले, आणि मग म्हणाल्या, “थळ. अगं, थळ म्हणतेस तू. इथून जवळच आहे.” मुलीने तो उच्चार दोनतीनदा करून पाहिला, आणि बाई जेवण टाकून तिच्याबरोबर रिक्षात बसल्या.