मोरीतून ओढाच गेला पाहिजे

रस्त्याखाली मोरी टाकताना हिशेब होतो तो फक्त पाण्याचा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अशा मोऱ्यांनी सॅमनची वाट अडवली. आपल्याकडे वलगणीचे मासे चढतात, तसा हा मासा समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत चढतो. १८५४-५५च्या करारांनी मासेमारीचा हक्क राखलेल्या मूलनिवासी जमाती २००१ मध्ये राज्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी झाली, खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहिला आणि मोऱ्या सुधारणं राज्याला बंधनकारक झालं.

अरुंद पाईपात पाणी सुसाट धावतं. बाहेर पडताना खालचं पात्र खरवडतं, तिथे डोह पडतो आणि पाईपाचं तोंड वर्षागणिक अधांतरी होत जातं. मोठा सॅमन उडी मारेलही, पण कोहो जातीच्या बोटभर पिल्लाचं काय? ती पिल्लं साधारण वर्षभर ओढ्यातच वाढतात, हिवाळी पुरात शांत पाणी शोधत वर-खाली फिरतात. त्यांना वीतभर उंचीही भारी पडते, आणि गुळगुळीत पाईपात दम खायला एक दगडही नसतो.

म्हणून नवी मोरी ओढ्याच्या मापाने घेतात. पात्र काठोकाठ भरतं तेव्हाची रुंदी मोजायची. तीही जुन्या मोरीपासून लांब, कारण तिच्याजवळचं पात्र बिघडलेलं असतं. या रुंदीच्या १.२ पट, अधिक २ फूट. म्हणजे १० फुटी ओढ्याला १४ फुटी मोरी. तिची ३० ते ५० टक्के उंची पात्राखाली गाडून आत ओढ्यासारखाच गोटे-वाळूचा तळ भरायचा.

इथेच काम फसतं. नुसते मोठे गोटे भरले तर उन्हाळ्यात पाणी त्यांच्या फटींतून खाली जातं आणि वरचा तळ कोरडा पडतो. प्रत्येक थरावर बारीक वाळू आणि माती टाकून, पाणी वर साचून राहीपर्यंत ती फटींत धुवून बसवावी लागते.

दुसरा धोका वरच्या अंगाला. जुना पाईप नकळत वरचा गाळ धरून असतो. तो काढला की पात्र वरपर्यंत खचत जातं. म्हणून आधी दोन्ही अंगांना लांबवर तळाची पातळी मोजून घ्यावी.

काम कमी पाण्याच्या दिवसांत करायचं. आधी मासे जाळीने बाहेर काढायचे, मग बंधारा घालून पाणी वळवायचं. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवीच.

पहिल्या पुरानंतर आतले गोटे हललेले दिसले तर घाबरू नये, ओढ्यात गोटे हलतातच. मात्र मोरीचं काँक्रीट उघडं पडलं, तर रुंदीचं माप पुन्हा तपासा.