चहाच्या कपावर मुंगीची वाट

टपरीवरचा कागदी कप घ्या. वरची गुंडाळलेली कड कातरा, बूड काढून टाका आणि उभ्या जोडावर कात्री चालवा. कप टेबलावर सपाट पसरला की कोणता आकार दिसेल? बहुतेक जण आयत म्हणतात, शाळेची भूमिती आठवणारे समलंब चौकोन. दोन्ही चूक. हाती येते ती बाकदार पट्टी: दोन बाजू सरळ, पण वरची आणि खालची कड म्हणजे वर्तुळाचे कंस.

या कंसांचं केंद्र शोधायला सूत्र लागत नाही. समजा कपाचं तोंड ६ सेंमी रुंद, बूड ४.५ सेंमी आणि तिरकी बाजू ६ सेंमी आहे. म्हणजे ६ सेंमी उतरताना व्यास दीड सेंमीने घटला. तो पार शून्यावर यायला २४ सेंमी उतरावं लागेल. कप हा एका लांब शंकूचा वरचा तुकडा आहे आणि त्या शंकूचं टोक तेच कंसांचं केंद्र. पट्टीचा कोन येतो ४५ अंश; अशा आठ पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या की पूर्ण कडं तयार. (अखंड कप आडवा करून घरंगळवून पाहा. तो सरळ जातच नाही, गोल फिरत राहतो.) कपावरची अक्षरंही याच कंसावर बसवून छापावी लागतात, नाहीतर ती कपावर वाकडी दिसतील.

आता खरी गंमत. कपाच्या कडेवर, नेमकी जोडापाशी, एक मुंगी आहे. बाहेरच्या अंगाने कपाला एक फेरी मारून तिला त्याच जागी परत यायचंय. कडेकडेने गेली तर सुमारे १८.८५ सेंमी चालावं लागेल. याहून जवळची वाट आहे का? कप उलगडला की मुंगीची ती एकच जागा पट्टीच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर दिसते. कोपरे फूटपट्टीने जोडा: १८.३७ सेंमी! ही रेघ मधोमध कडेपासून १.८ सेंमी खाली जाते. म्हणजे उतरून पुन्हा चढूनही मुंगीची जवळपास अर्ध्या सेंमीची चाल वाचते. कप हातात असताना हे काही केल्या पटत नाही.

ही युक्ती चालते, कारण उलगडताना कागद ताणला जात नाही आणि त्यावरची अंतरं जशीच्या तशी राहतात. चेंडूच्या बाबतीत हे अशक्य, हे जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या १८२७ सालच्या प्रमेयातून निघतं. पृथ्वीचा सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटं बोलतोच, त्याचं मूळही तिथेच.

आता त्याच मुंगीला दोन फेऱ्या मारायला लावा. दोन पट्ट्या जोडून टोकं सांधली, तर सरळ रेघ मध्यावर खालच्या कडेच्याही सुमारे एक सेंमी बाहेर पडते. तिथे कागदच नाही. मग सर्वांत जवळची वाट कोणती? पेन्सिल उचलण्याआधी, त्या दोन कोपऱ्यांमध्ये पट्टीच्या आतून एक दोरा ताणून पाहा.