दरड कोसळणे : गोव्याचा घाटभाग

उतारावरील खडक, माती किंवा दोहोंचे मिश्रण मूळ जागेपासून सुटून खाली येण्याच्या क्रियेस ‘दरड कोसळणे’ म्हणतात. ‘दरड’ म्हणजे मुळात नदीचा वा डोंगराचा तुटलेला उभा काठ. खाली आलेल्या ढिगाऱ्यालाही दरड म्हणण्याचा प्रघात नंतरचा असावा. गोव्यात हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण उभ्या कड्यांइतकाच धोका येथे मातीने झाकलेल्या झाडीच्या उतारांना आणि रस्त्या-रेल्वेसाठी कापलेल्या बाजूंना संभवतो.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांच्या पूर्व अंगाने सह्याद्रीची रांग जाते. चोर्ला व अनमोड हे घाटरस्ते आणि कुळे–कॅसलरॉक लोहमार्ग तिच्यातूनच चढतात. राज्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून बराच अधिक, आणि त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये येतो. ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा बेसाल्ट असून अन्यत्र शिस्ट, फिलाइट यांसारखे पापुद्रेदार रूपांतरित खडक आढळतात. त्यांचे पापुद्रे उताराच्याच दिशेने कललेले असतील तेथे डोंगर कापणे विशेष जोखमीचे ठरते.

या खडकांवरील जांभ्याच्या उत्पत्तीविषयी दीर्घकाळ वाद आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील या दगडाला, विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. एका मतानुसार मूळ खडक जागच्या जागी कुजून, त्यातील सिलिका वाहून जाऊन आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा बनला. दुसऱ्या मतानुसार उंचावरील जांभा झिजून त्याचा माल खाली वाहत आला आणि पुन्हा सांधला गेला. घाटमाथ्यावरील ‘उच्चस्तरीय’ व किनारी पठारांवरील ‘निम्नस्तरीय’ हे जुने वर्गीकरण अनेकदा याच मताशी जोडले गेले. गोव्यातील पठारांच्या उभ्या छेदांत माथ्याच्या कठीण कवचापासून खालच्या ताज्या खडकापर्यंतचा बदल बहुधा अखंड दिसतो, काही ठिकाणी तर कुजलेल्या मातीतही शिस्टचे पापुद्रे ओळखू येतात. त्यामुळे येथे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. पायथ्याच्या काही साठ्यांना मात्र दुसरे लागू पडू शकते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जागच्या जागी बनलेल्या जांभ्याखाली पांढुरक्या, गुलाबी वा पिवळट चिकणमातीचा थर असतो. पावसाळ्यात घाटरस्त्याच्या ताज्या कापणीतून तिचा गोळा काढून दाबला, तर तो साबणासारखा बोटांतून निसटतो. जांभ्याच्या छिद्रांतून उतरलेले पाणी या थरावर अडते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण घटते आणि वरचा भार सरकतो. हिमालयातील हिमलोटांतही बर्फाच्या थरांमधील कमकुवत स्फटिकांचा पट्टा दगा देऊन वरची लादी सुटते, तीही बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर; तेथे नव्या बर्फाचा भार निमित्त होतो, येथे मुरलेले पाणी.

कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये खुला झाला. त्याचा चढ १:३७ इतका तीव्र आहे. २३ जुलै २०२१ रोजी याच मार्गावर, दूधसागर व सोनावळी यांदरम्यान, वळवून आणलेली मंगळूर–मुंबई गाडी दरडीमुळे घसरली; सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. त्याच पावसात सत्तरीतील उतारांवरून झाडीसह मातीचे पट्टे सुटले. यामागे अतिवृष्टी की उतारांवरील झाडतोड व लागवड, अशी चर्चा झाली. अतिवृष्टी हे तात्कालिक निमित्त आणि मुळांचे जाळे व पाण्याच्या वाटा बिघडणे ही पूर्वतयारी, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. लोहखनिजाच्या खाणींवरील टाकाऊ मातीचे ढीगही पावसात खचतात, पण त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय कार्यक्रमाखाली दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर केले आहेत. त्या प्रमाणात नकाशावरील १ मिमी. म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. साहजिकच घरामागची किंवा रस्त्याकडेची कापणी त्यावर उमटत नाही. तिच्यासाठी माथ्यावर पडलेली चीर, एका बाजूस कललेली झाडे आणि एकाएकी गढूळ झालेला झरा याच खुणा पाहाव्या लागतात.