इतकी माणसं नाहीशी झाली, आणि कुणी विचारलं नाही?

कमी पैशांत काढलेला सीरियल किलरचा भयपट पाहून आलेल्या प्रेक्षकांची एक तक्रार ठरलेली असते. एकामागून एक माणसं नाहीशी होतात, पोलीस फिरकत नाहीत, शेजारपाजारचे चौकशी करत नाहीत. हे पटत नाही, पटकथाच कच्ची आहे. आवाज नीट नव्हता, अंधारात काही दिसत नव्हतं, रक्त खोटं वाटत होतं, या तक्रारी त्यानंतरच्या. गोव्यात मात्र पहिल्या तक्रारीचा सूर निराळा लागतो. फोंडा तालुक्यातल्या माणसाला असं घडूच शकत नाही असं म्हणता येत नाही, कारण ते त्याच्या तालुक्यात घडलं आहे. त्याचा प्रश्न पुढचा असतो: इतकी वर्षं कुणी विचारलं का नाही? चित्रपट त्या प्रश्नाच्या जवळही गेला नाही की तो चिडतो, आणि मला ती चीड योग्य वाटते. ती कुठून आली हे कळायला इथला इतिहास आणि या चित्रप्रकाराचा इतिहास, दोन्ही बघावे लागतात.

महानंद नाईक हा याच तालुक्यातल्या, शिरोड्याजवळच्या तरवळे गावचा. २००९ साली एका तरुणीच्या खुनाच्या तपासात तो पोलिसांच्या हाती लागला आणि मग एकेक जुनं प्रकरण उघडत गेलं. त्याच्या कबुलीनुसार खुनांचा आकडा १६ वर गेला, आणि त्यांतला पहिला १९९४ मधला होता. म्हणजे १५ वर्षं. त्याची पद्धत साधी होती. गरीब घरातल्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलींशी ओळख काढायची, लग्नाचं वचन द्यायचं, घरच्यांना भेटवतो असं सांगून दागिने घालून बोलवायचं, निर्जन जागी नेऊन तिच्याच दुपट्ट्याने गळा आवळायचा आणि सोनं विकून मोकळं व्हायचं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘दुपट्टा किलर’ हे नाव दिलं आणि तेच रूढ झालं.

हे इतकी वर्षं चाललं त्याला कारणं होती, आणि त्यांतलं एकही कारण खुन्याच्या हुशारीचं नव्हतं. बेपत्ता झाल्याची तक्रार एका पोलीस ठाण्यात, मृतदेह दुसऱ्याच्या हद्दीत; दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत. मृतदेहाची ओळख पटली नाही की अनैसर्गिक मृत्यूची नोंद करून फाइल बंद. आणि घरचे? मुलगी दागिने घेऊन गेली म्हणजे कुणाशी तरी लग्न करून गेली असणार, अशी समजूत अनेक घरांनी करून घेतली. बभ्रा नको म्हणून काहींनी चौकशी लावून धरली नाही. या बायकांची नावं मी इथे लिहीत नाही, त्यांची माणसं याच गावांत राहतात. पण चित्रपटात गेलेल्या बाईला साधं नावही दिलं नाही की इथल्या प्रेक्षकाला का टोचतं, ते या कागदांच्या गोष्टीतून समजतं.

याच्या अगदी उलट टोकाला पर्यटकांचे खून करणारा चार्ल्स शोभराज. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई खाऊ घालून तो तिहार तुरुंगातून पळाला, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटात मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला पकडलं. झेंडे यांनी १९७१ मध्येही त्याला अटक केलेली होती, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता. पुढे त्या रेस्टॉरंटात शोभराजचा पुतळा बसवला गेला. पर्यटक त्याच्याशेजारी बसून फोटो काढत. त्याच्यावर हिंदी चित्रपट झाला, परदेशी मालिका झाली, आणि २०२५ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात झेंड्यांच्या बाजूने सांगितलेली गोष्टही आली. एकाच छोट्या राज्यातल्या या दोन ठिकाणांत एका खुन्याला पुतळा मिळाला आणि दुसरीकडे मेलेल्या बायकांना साधी ओळखही वेळेवर मिळाली नाही. खुनी माणसाच्या आकर्षणावर उभा केलेला चित्रपट इथे पाहिला जातो तेव्हा हे दोन्ही संदर्भ प्रेक्षकाच्या डोक्यात असतात.

आता पडद्याकडे. या चित्रप्रकाराचा पाया जर्मनीत घातला गेला. १९३१ साली फ्रित्झ लांगने ‘एम’ काढला, मुलांना मारणाऱ्या माणसाबद्दल. त्यात लहान एल्सीचा खून दिसत नाही. तिची आई जेवणाचं ताट मांडून वाट पाहते, जिन्यात डोकावते, हाका मारते. मग रिकामं ताट, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा. एवढ्यावर प्रसंग संपतो. यासाठी वेगळा पैसा लागत नाही. मूल गेलं म्हणजे एका घरातून नेमकं काय गेलं हे दाखवायची इच्छा लागते. कमी खर्चाच्या भयपटाला हात घालणाऱ्या प्रत्येकाने हा एक प्रसंग शंभर वेळा बघावा, असं मला मनापासून वाटतं.

१९५७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड गावात एड गीन हा खुनी पकडला गेला. त्या बातमीची छाया रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीवर पडली आणि तिच्यावरून १९६० चा ‘सायको’ झाला. हिचकॉकसारख्या बड्या दिग्दर्शकाने तो मुद्दाम स्वस्तात, कृष्णधवल, आपल्या टीव्ही मालिकेतली माणसं घेऊन, साधारण ८ लाख डॉलरमध्ये काढला. खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घालून दिला. अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली. लोकांनी रांगा लावल्या, किंकाळ्या फोडल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ आला. त्यातला खुनी बायकांना मारताना त्यांचं चित्रीकरण करतो, आणि प्रेक्षकाला त्याच्याच कॅमेऱ्यातून बघावं लागतं. ब्रिटिश समीक्षक इतके संतापले की चित्रपट लवकरच उतरवला गेला आणि पॉवेलची कारकीर्द तिथे जवळजवळ थांबली. एकाच वर्षी, एकाच विषयावर, दोन टोकांच्या प्रतिक्रिया. दुसऱ्याने प्रेक्षकाला त्याच्या बघण्याचाच जाब विचारला होता, हे त्यातलं कारण.

स्वस्त खुनीपटांची खरी लाट सत्तरच्या दशकातली. टोबी हूपरने १९७३ च्या उन्हाळ्यात टेक्सासच्या भाजून काढणाऱ्या उन्हात, दीड लाख डॉलरहून कमी पैशांत ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ चित्रित केला. लोक मध्येच उठून गेले, काही देशांत बंदी आली. गंमत अशी की त्यात भरपूर रक्त पाहिल्याचं प्रेक्षक शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात ते फार कमी आहे. जे दिसत नाही ते ध्वनी आणि संकलन डोक्यात भरतं. १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरने सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास ‘हॅलोविन’ केला. खुन्याचा मुखवटा बाजारातून आणलेला, दुसऱ्याच एका टीव्ही मालिकेतल्या नायकाचा, फक्त पांढरा रंगवलेला. त्याच्या यशानंतर खुन्याच्या डोळ्यांतून चित्रीकरण करायची चालच पडली आणि मरणारी मुलं-मुली नावापुरती उरली. आजच्या बहुतेक कमी बजेटच्या खुनीपटांचा साचा तिथून आलेला आहे, आणि इथल्या प्रेक्षकाचा रागही त्याच साच्यावर आहे.

त्या साच्याला उत्तर देणारा चित्रपटही तितकाच स्वस्त होता. जॉन मॅकनॉटनने शिकागोत १६ मिलिमीटर फिल्मवर, लाख-सव्वा लाख डॉलरमध्ये ‘हेन्री’ केला. १९८६ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला, सेन्सॉरच्या दर्जावरून अडकला आणि १९९० मध्ये नीट प्रदर्शित झाला. त्यात दोन खुनी एका कुटुंबाला मारतात, पण आपण ते पाहतो टीव्हीवर, त्यांनीच घेतलेल्या व्हिडिओत, आणि ते दोघं सोफ्यावर बसून तो पुन्हा लावतात. प्रेक्षकाला अचानक कळतं की आपणही त्याच सोफ्यावर आहोत. लोक उठून गेले ते या प्रसंगामुळे, आणि तो करायला एक टीव्ही आणि एक हँडीकॅम पुरला.

आपल्याकडे भयपटाचं स्वस्त घर म्हणजे रामसे बंधू. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून सगळं खातं घरातलंच: एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, दोघं दिग्दर्शनाला. पणजी-म्हापशाच्या जुन्या थिएटरांतली पिढी त्यांना ओळखते. पण त्यांचं भय हवेलीतल्या सैतानाचं होतं. शेजारच्या माणसाचं नव्हे. शेजारच्या माणसाचं भय मराठी घरांत आलं ते बातम्यांतून. १९६८ मध्ये मुंबईत पकडला गेलेला रामन राघव फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना मारत होता, म्हणजे पुन्हा तीच माणसं, ज्यांच्या जाण्याची नोंद नीट होत नाही. श्रीराम राघवनने रघुवीर यादवला घेऊन १९९१ मध्ये त्याच्यावर छोट्या खर्चाचा चित्रपट केला. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून खटल्याने, १९७६-७७ मधल्या त्या दहा खुनांनी, शहराची दारं संध्याकाळी लागू लागली. खुनी कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते. चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली, आणि राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ मध्ये आला. तिथे मारले गेलेले बहुतेक लोक मध्यमवर्गीय, सुशिक्षित, ओळखीचे होते. म्हणून तपास हलला, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली. तरवळ्याच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहिलं की हा फरक डोळ्यांत भरतो.

वाईजवळच्या धोमचा संतोष पोळ २०१६ मध्ये पकडला गेला. सहा खुनांची कबुली. त्या प्रकरणाची छाया असलेली ‘देवमाणूस’ मालिका २०२० मध्ये झी मराठीवर आली आणि गोव्यातल्या मराठी घरांतही रात्री उशिरा लावली जाऊ लागली. टीका पुष्कळ झाली, बघणं थांबलं नाही. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या मालिकेत गाव होतं. चौकशी करणारी माणसं होती, संशय होता, कुजबूज होती. बाई नाहीशी झाली की तिच्याबद्दल कुणीतरी बोलत होतं. प्रेक्षक धरून ठेवला तो त्याने.

कमी पैशांचा दोष मात्र गोव्यात कुणाला सांगू नये. इथला मराठी प्रेक्षक देवळाच्या मंडपात वाढला आहे. जत्रेला, कालोत्सवाला गावच्याच मुलांनी बसवलेलं नाटक, रंगवलेले पडदे, दोन माईक, आणि पहाटेपर्यंत जागलेले लोक. दशावतारात राक्षस येतो तो रंगवलेल्या तोंडाने आणि आवाजाच्या जोरावर, आणि पोरं खरोखर घाबरतात. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांनी या प्रेक्षकाचा कान तयार केला. तो आधी अभिनय ऐकतो, वाक्याची फेक ऐकतो. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला आणि त्याला जगातले छोटे, बिनखर्चाचे चित्रपटही दिसू लागले. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा ‘पलतडचो मनीस’ हा कोंकणी चित्रपट २००९ मध्ये टोरंटोला समीक्षकांचा पुरस्कार घेऊन आला, तो काही मोठ्या खर्चाचा चित्रपट नव्हता. माणसं, रान आणि वेळ देऊन केलेला होता. त्यामुळे ‘बजेट नव्हतं’ ही सबब इथे चालत नाही. पाच माणसांच्या युनिटला पोलीस ठाण्यातल्या बेपत्ता नोंदवहीवर कॅमेरा ठेवायला पैसे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट इथल्या प्रेक्षकाला खटकते: शेवट. खुनी पकडला जातो, बेड्या, काळा पडदा, संपलं. महानंद नाईकच्या बाबतीत अटकेनंतरचाच भाग लांबला. काही खटल्यांत जन्मठेप झाली, पण कित्येक खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला, कारण मृतदेह तेव्हा ओळखले गेले नव्हते, हाडं जपली गेली नव्हती, साक्षीदार दशकभर जुन्या आठवणींवर उभे होते. १९९४ ते २००९ मध्ये जे कागद नीट ठेवले गेले नाहीत, त्यांची किंमत न्यायालयात मोजावी लागली. आपल्या मुलीचं काय झालं हे कबुलीतून कळलेल्या पण निकालात न मिळालेल्या घरांना ‘खुनी पकडला, गोष्ट संपली’ हा शेवट कसा पटणार? त्या घरांची गोष्ट अटकेपाशी सुरू होते, आणि तिच्यावरचा चित्रपट गोव्यात अजून कुणीतरी काढायचा आहे.