शहरी आर्द्रता

मोठ्या शहराच्या हवेत असणारे बाष्पाचे प्रमाण व त्यात दिवस-रात्र होणारे चढउतार म्हणजे शहरी आर्द्रता. गर्दीमुळे शहर दमट होते, असा समज सर्रास आढळतो. माणसांच्या श्वासाने बंद खोली दमट होते हे खरे, पण शहरावरून वाहणाऱ्या हवेच्या मानाने हे बाष्प नगण्य असते. शहर दमट आहे की कोरडे, हे मुख्यतः ते कोठे वसले आहे यावर ठरते.

मोठी शहरे पूर्वापार समुद्रकिनारी, खाडीच्या मुखाशी किंवा नदीकाठी वाढली. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरचे खारे वारे बाष्प घेऊन आत शिरतात. पाणी जितके कोमट, तितके हे बाष्प अधिक. सौदी अरेबियातील दाहरान वाळवंटी प्रदेशात असूनही इराणच्या आखाताच्या काठी आहे. तेथे 8 जुलै 2003 रोजी दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत निवल्यास तिच्यातल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान; बाष्प जितके जास्त, तितका तो वर) 35 अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. आजूबाजूला वाळू असली तरी हवा समुद्राची होती.

हवामानाच्या बातमीत सांगितली जाणारी टक्केवारी सापेक्ष आर्द्रतेची असते आणि बराच गोंधळ तिच्यामुळेच होतो. हवेत असलेले बाष्प आणि त्या तापमानाला तिच्यात जास्तीत जास्त मावू शकणारे बाष्प यांचे हे शेकडा प्रमाण. घनमीटरमागे 18 ग्रॅम बाष्प असलेली हवा 30 अंशांना सुमारे 60 टक्के आर्द्र ठरते, तर तीच हवा पहाटे 24 अंशांना 83 टक्क्यांच्या आसपास जाते. बाष्प तेवढेच, बदलले ते तापमान. त्यामुळे पहाटेचा मोठा आकडा पाहून दुपारच्या उकाड्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. त्यासाठी दवबिंदू पाहावा. तो 24 अंशांच्या वर गेला की घाम नीट सुकत नाही आणि जीव कासावीस होतो.

शहराची बांधणी आर्द्रता वाढवतेच असे नाही. डांबर व काँक्रीट पावसाचे पाणी मुरू देत नाहीत, ते गटारांवाटे निघून जाते. झाडे व उघडी माती कमी, म्हणून दिवसा बाष्पीभवनही कमी. शिवाय शहर भोवतालापेक्षा उबदार असते (लंडनबाबत हे इंग्रज हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते), त्यामुळे सापेक्ष आर्द्रता आणखी घटते. भर दुपारी शहराचा मध्यभाग आसपासच्या शेतशिवारापेक्षा कोरडा असणे, हे कितीतरी ठिकाणी आढळते.

रात्री चित्र पालटते. मोकळ्या रानात जमीन झपाट्याने निवते आणि हवेतले बाष्प दव होऊन गवतावर बसते. शहरातल्या भिंती व रस्ते दिवसभराची उष्णता सोडत राहतात. दव पडत नाही आणि बाष्प हवेतच राहते. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्ल्यांत वाराही मंदावतो. सापेक्ष आर्द्रतेचा आकडा गावाबाहेरच्यापेक्षा कमी दिसला, तरी प्रत्यक्ष बाष्प मात्र शहरात जास्त असू शकते.

शहर स्वतःही थोडे बाष्प निर्माण करते. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळाले की सुमारे 1.4 किलो पाणी तयार होते. इंधनातील हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन जोडला जात असल्याने वजन वाढते. एसी खोलीतले बाष्प पाण्याच्या रूपाने काढून टाकतो, तर मोठ्या इमारतींवरचे कूलिंग टॉवर पाण्याची वाफ करूनच उष्णता बाहेर घालवतात. बागांना दिलेले पाणीही हवेत जाते. उष्ण, किनारी शहरात ही भर जाणवत नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र हवेत फारच थोडे बाष्प मावते, आणि अलास्कातील फेअरबँक्ससारख्या शहरात वाहनांच्या व वीजकेंद्रांच्या धुरातील वाफ गोठून रस्त्यांवर हिमधुके पसरते.