एकत्र राहणं म्हणजे सगळंच सामाईक?

सहकारी घरात, म्हणजे काही जणांनी मिळून चालवलेल्या घरात, राहायचं तर पगार एका डब्यात आणि खोलीला कडी नाही, हा समज कधीचा फिरतोय. तसं नसतं. डेन्मार्कमधली सेटेडामेन ही आधुनिक सहनिवासाची पहिली वसाहत मानली जाते. १९७२ सालची, २७ घरांची. प्रत्येकाला स्वतःचं घर, स्वतःचं स्वयंपाकघर. सामाईक होती ती एकत्र जेवायची जागा. एकाच छताखालच्या सहकारी घरातही पगार आपला, खोली आपली. भाडं, किराणा आणि कामं तेवढी वाटून. पर्यावरणाचा फायदाही असा साधाच: दहा जणांत एक वॉशिंग मशीन, एक शिडी, एक ड्रिल.

भांडणं होतात, नाही कशाला म्हणा! पण ती खासगीपणावरून क्वचित, सिंकमध्ये रात्रभर भिजत पडलेल्या करपल्या पातेल्यावरून हमखास. फ्रिजवर कामांच्या पाळ्यांचा तक्ता उगाच नसतो.