रिठ्याच्या अर्काने खडकातलं तेल सुटतं कसं?

'रिठ्याने सोनं उजळतं, रेशमी साड्या स्वच्छ निघतात. तेलविहिरीत त्याचं काय काम?' अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात आलेला नवा ग्राहक हे विचारतोच. काम तेच आहे, फक्त जागा अडचणीची.

खनिज तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं, खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. मूळचा दाब ओसरू लागला की पाणी सोडून ते ढकलतात. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचं उत्पादन 1976 मध्ये सुरू झालं आणि 1984 पासून तिथे पाणी सोडलं जातंय. तरी जगभरातल्या बहुतेक क्षेत्रांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. तेल आणि पाणी जिथे भिडतात तिथल्या पृष्ठताणामुळे थेंब अरुंद तोंडाशी अडतो, शिवाय चुनखडक तेलाला धरून बसतो. मुंबई हायचा मुख्य थर चुनखडकाचाच आहे.

रिठ्यातल्या सॅपोनिनचं, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाचं, एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. त्याने ताण उतरतो, पण अडकलेला थेंब नुसत्या त्या जोरावर सोडवायचा तर ताण हजारो पटींनी खाली यायला हवा. एकटा रिठा सहसा तिथवर पोचत नाही. तसा दावा कुणी केला तर आकडे मागा. त्याची खरी करामत खडकावर दिसते. तेलात मुरवलेला चुनखडकाचा तुकडा आमच्या द्रावणात ठेवा. हळूहळू त्याच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब फुटतात, कारण खडक आता पाणी धरू लागलेला असतो.

साधा साबण समुद्राच्या पाण्यात साका धरतो, सॅपोनिनचं तसं होत नाही. मात्र अर्कात साखरही असते. गेल्या पावसाळ्यात आमचाच एक ड्रम आंबून टम्म फुगला. तेव्हापासून जंतुनाशकाशिवाय माल बाहेर पडत नाही, तुम्हीही झाकण उघडं ठेवू नका. थरात तापमान शंभर अंशांच्या वर असेल तर आधी त्या उष्णतेत अर्क टिकतो का ते तपासू.

'वनस्पतिजन्य' म्हणजे निरुपद्रवी, असंही समजू नका. सॅपोनिन माशांना मारक असतं, त्यामुळे उरलेलं द्रावण खाडीत किंवा गटारात ओतायचं नाही.

ड्रमची ऑर्डर नंतर द्या. आधी तुमचं तेल, खडकाचा तुकडा आणि थरातलं पाणी घेऊन या. नळाच्या पाण्यात मीठ कालवून आणलेलं चालणार नाही.